हात न लागलेले अन्न

"काका, याला कोणाचाच हात लागत नाही, म्हणजे हे सोवळ्यातलेच झाले ना?"

आणंदच्या दुग्धालयात काचेच्या भिंतीपाशी उभे असताना आमच्या संस्कारवर्गातील एका पंधरा वर्षांच्या मुलाने मला हा प्रश्न विचारला. काचेच्या पलीकडे दुधाच्या पिशव्या एकामागून एक भरत होत्या, बंद होत होत्या आणि पट्ट्यावरून पुढे सरकत होत्या. माहिती देणाऱ्या गृहस्थांनी नुकतेच सांगितले होते की, टँकरमधून उतरल्यापासून पिशवीत बंद होईपर्यंत या दुधाला मनुष्याच्या हाताचा स्पर्श होत नाही. मुलाच्या प्रश्नात थट्टा नव्हती. त्याने घरी आजीचे सोवळे पाहिले होते, येथे यंत्र पाहिले होते, आणि दोहोंत त्याला एकच नियम दिसला होता. वकिलीच्या धंद्यात अवघड प्रश्न आला की, "पुन्हा एकदा सांगा" असे म्हणून वेळ काढण्याची एक युक्ती असते. ती मी केली. त्याने तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. तेव्हा "घरी गेल्यावर बोलू" म्हणून मी सुटका करून घेतली. त्या वेळी राहून गेलेले बोलणे आज येथे करीत आहे.

सहलीची हकीगत आधी सांगितली पाहिजे. बडोद्यातील आमच्या देवस्थानात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. स्तोत्रे, थोडे संस्कृत, थोडे मराठी वाचन. येथील मुले शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी शिकतात. मराठीशी त्यांचा संबंध राहावा हा त्यातला खरा हेतू. गेल्या हिवाळ्यात वर्गाच्या बाईंनी तैत्तिरीय उपनिषदातील अन्नविचार मुलांना समजावून सांगितला आणि मग त्यांच्या मनात आले की, ज्या अन्नाला ब्रह्म म्हणावयाचे ते आज कोठे व कसे तयार होते, हेही मुलांना एकदा दाखवावे. पहाटे आणंदजवळच्या एका खेड्यातील दूध-मंडळी, मग आणंदचे दुग्धालय आणि परतताना एका औद्योगिक वसाहतीतील फरसाणाचा कारखाना, असा बेत ठरला. बावीस मुले, बाई, आणि ज्याच्या सहीने परवानग्या मिळाल्या होत्या तो मी, विश्वस्त मंडळाचा कायदे-सल्लागार.

मला जाण्याचे आणखीही एक कारण होते. आमच्या देवस्थानचे आचारी आता सत्तरीला आले आहेत. द्वादशीच्या पारण्याचा स्वयंपाक, उत्सवातील महाप्रसाद आणि रोजचा नैवेद्य ते तीस वर्षे सोवळ्यात करीत आले. आता त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. म्हणून विश्वस्तांपुढे अशी सूचना आली होती की, प्रसादाचे पेढे आणि उत्सवातील बरेचसे पदार्थ कारखान्यातून बंद डब्यांत आणावेत. त्यावर दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, कोणी कसे केले हे ज्याविषयी ठाऊक नाही ते देवापुढे ठेवावयाचे कसे? दुसरा म्हणे, ज्या देवाला तुम्ही वर्षानुवर्षे पिशवीतल्या दुधाचा अभिषेक करता, त्याला डब्यातला पेढा का चालू नये? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे बिनतोड होते. पिशवीचे दूध गाभाऱ्यात केव्हा शिरले हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता, कोणी धर्मशास्त्र पाहिले नव्हते. गवळी यावयाचा थांबला आणि पिशवी आली, एवढेच.

तेव्हा मुलाचा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा नव्हता. आणि पहिल्या दर्शनी त्याचे म्हणणे खरेही होते. सोवळ्याच्या स्वयंपाकघराचे नियम आठवा. स्नान करून वेगळे वाळवलेले धोतर किंवा मुकटा नेसायचा, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, अन्नावर बोलायचे नाही, चव घ्यायची नाही. दुग्धालयातले नियम पाहिले तर केसांवर टोपी, तोंडावर पट्टी, हातांत मोजे, बाहेरचे पादत्राण बाहेर. आणि आम्ही चोवीस माणसे काचेच्या अलीकडे उभी, ती ओवळी म्हणूनच. आत सारे पोलादी. बहात्तर अंशांपर्यंत तापवून पंधरा सेकंद त्या उष्णतेवर ठेवलेले दूध लगेच चार अंशांच्या आसपास थंड करतात, ते कोणत्याही जंतूला दाद न देण्यासाठी. आमच्या आजीच्या सोवळ्यात जंतूंचा विचार नव्हता, पण तिचा कडकपणा यापेक्षा कमी नव्हता.

मात्र त्याच दिवशी पहाटे आम्ही जे पाहिले होते ते त्या मुलाच्या ध्यानातून गेले होते. साडेसहाच्या सुमारास गावातल्या दूध-मंडळीपुढे रांग लागली होती. हातात पितळी कळशी घेतलेली एक म्हातारी, सायकलला दोन डबे अडकवलेला एक मुलगा, डोक्यावरचा पदर सावरीत बोलणाऱ्या चार-पाच जणी. प्रत्येकाच्या दुधाचा थोडा नमुना काढून स्निग्धांश पाहिला जात होता, आकडा उमटत होता, चिठ्ठी निघत होती, आणि दूध एका मोठ्या भांड्यात ओतले जात होते. त्या रांगेत कोण कोणत्या जातीचे हे विचारण्याची सोय नव्हती आणि भांड्यात पडल्यावर विचारण्यात अर्थही नव्हता. पाटीदाराचे, क्षत्रियाचे, हरिजनाचे, मुसलमानाचे अशी दुधाची चार भांडी तेथे ठेवलेली नसतात. प्रत्येक घरात त्या पहाटे कोणी तरी उठून, म्हशीच्या कासेला पाणी लावून, हाताने धार काढली होती. हात लागला नाही असे जे म्हणतात ते टँकरच्या पुढचे. त्याच्या मागे हजारो हात आहेत. काचेतून ते दिसत नाहीत, एवढेच.

आणि या ठिकाणी तर तो इतिहासच हातांचा आहे. खेडा जिल्ह्यातील गवळी-शेतकऱ्यांचे दूध पूर्वी ठेकेदारांमार्फत पोलसनच्या आणंद येथील कारखान्यात जाई आणि तेथून मुंबईला. भाव ठरवणारे निराळे, दूध काढणारे निराळे. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने त्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये पंधरा दिवस दूध देण्याचे बंद केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. प्रारंभी दोन गावांच्या मंडळ्या आणि दिवसाला सुमारे अडीचशे लिटर दूध, एवढाच त्याचा पसारा होता. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे जाणकार सांगत असता दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये नव्या दुग्धालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. बाईंनी हे सारे मुलांना येताना गाडीत सांगितले होते. ते ऐकल्यावर तरी "हात न लागलेले" हा शब्द स्तुतीचा वाटू नये. दूध कोणाचे आहे हे सांगण्यासाठीच ती सगळी खटपट झाली होती.

आता मागे वळून पाहू. अन्नाला कोणाचा हात लागला यावरून आपल्या समाजाने किती रण माजविले आहे, याचे मराठी वाचकाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे पुण्याचे चहा-ग्रामण्य. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या पतींनी, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, साक्षी झाल्या, आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. वकील या नात्याने मला त्या चौकशीचे कौतुक वाटते; इतक्या क्षुल्लक पुराव्यावर इतका मोठा खटला क्वचितच उभा राहिला असेल. पण त्या सबंध प्रकरणात ते बिस्किट कोठल्या कारखान्यात झाले, चहा कोठल्या मळ्यातला, आणि त्या मळ्यातला मजूर कोणत्या करारावर राबत होता, हा प्रश्न दोहों बाजूंपैकी एकाही बाजूने विचारला नाही. चहा देणारा कोण याचीच चौकशी झाली. गोव्याच्या वाचकांना पावाची गोष्ट वेगळी सांगावयास नको. सुरेने फुगवलेला आणि ख्रिस्ती पोदेराच्या हातचा म्हणून ज्या घरांत एके काळी पाव येत नसे, त्याच घरांत आज सकाळी पोदेराच्या भोंप्याची वाट पाहतात. म्हणजे हाताचा आक्षेप कालांतराने गळून पडतो. तो गळाला याचे दुःख मला मुळीच नाही. पण तो गळताना त्याच्याबरोबर आणखी काही गळाले काय, हे पाहिले पाहिजे.

माझ्या मते गळाले. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्याच्या आरंभी एका जुन्या वाक्यकाराचा आधार घेऊन अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत: जातिदोष, आश्रयदोष आणि निमित्तदोष. येथील जाती पदार्थाची आहे हे आधी ध्यानात घ्यावे. काही पदार्थ स्वभावतःच वर्ज्य, हा जातिदोष. केस पडला, उष्टे झाले, तर तो निमित्तदोष. आणि अन्न ज्याचे आहे, ज्याच्याकडून आले आहे, त्याच्यामुळे जो लागतो तो आश्रयदोष. ही वर्गवारी हाती घेऊन आजचे वेष्टण पाहावे. चौकोनातला हिरवा ठिपका जातिदोषाचे काम करतो. मांसाहारी पदार्थावर त्याऐवजी तपकिरी त्रिकोण असतो. प्रयोगशाळा, तारीख, घाणा-क्रमांक आणि चौदा आकडी परवाना ही सारी निमित्तदोषाची व्यवस्था आहे, आणि ती चांगली आहे. १९५४ चा अन्नभेसळीचा कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, तो मुख्यतः या दुसऱ्या दोषासाठी. तिसऱ्या दोषाची जागा मात्र कोरी आहे. तेथे फक्त कंपनीचा पत्ता असतो.

यावर सुधारक वाचक म्हणेल, ती जागा कोरी राहिली तेच बरे. आश्रयदोषाच्या नावाखालीच आम्ही माणसांना पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले. हे खरे आहे आणि मला त्यात एक अक्षरही कमी करावयाचे नाही. भाष्यांच्या परंपरेत आश्रयदोषाची जी उदाहरणे देतात त्यांत जन्मावरून ठरविलेली माणसे आहेत. परंतु ज्या यादीवर ही कल्पना उभी आहे ती यादीच जरा बारकाईने वाचावी. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये असे लोक मोजले आहेत. त्यांत सुतार, गायक, वैद्य असे धंद्यावरून धरलेले लोक आहेत. त्यांचा अपराध काय ते आज कोणीही सांगू शकणार नाही. पण त्याच यादीत चोर आहे, व्याजबट्टा करणारा आहे, कृपण आहे. (वकील नाही. त्या काळी तो नव्हता, एवढ्यावर माझ्या धंदेबंधूंनी समाधान मानावे.) म्हणजे दोन निरनिराळ्या प्रकारची माणसे एकाच दोरीने बांधली आहेत: जी जन्माने वा धंद्याने अमुक आहेत ती, आणि जी वागण्याने अमुक आहेत ती. आपल्या समाजाने पहिल्या प्रकारचा निषेध शतकानुशतके काटेकोरपणे पाळला आणि दुसऱ्या प्रकारचा सोयीस्करपणे विसरला. सावकाराच्या पैशांतून झालेले अन्नसंतर्पण कोणी सोवळ्याने नाकारले, असे माझ्या ऐकिवात नाही.

आणि त्याच प्रकरणात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मला प्रत्येक वेळी न्यायालयाची आठवण होते. वेदपाठी पण कृपण अशा माणसाचे अन्न आणि व्याज खाणारा पण उदार अशा माणसाचे अन्न, या दोहोंचा विचार देवांनी केला आणि दोन्ही सारखीच ठरविली. तेव्हा प्रजापतीने येऊन तो निकाल फिरविला: विषमाला सम म्हणू नका; उदाराचे अन्न श्रद्धेने पवित्र होते, दुसऱ्याचे अश्रद्धेने नासते. म्हणजे वरच्या न्यायासनापुढे जन्म, विद्या, धंदा हे पुरावे गौण ठरले आणि देण्याची वृत्ती मुख्य ठरली. हा निकाल आपल्या परंपरेतच नोंदलेला आहे. आम्ही तो आधारासाठी फारसा उद्धृत करीत नाही, हे खरे.

या विचारापर्यंत मी काही दुग्धालयात आलो नव्हतो. तेथे घेऊन आली ती दुपारची भेट.

फरसाणाच्या कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. स्वच्छता चोख होती, तेल चांगले होते, व्यवस्थापक आतिथ्यशील होते. शेव पाडणारे, तळणारे, मसाला लावणारे यंत्र होते. पण शेवटी पुड्यांच्या जाळ्या भरणे, मोजणे, खोके बांधणे हे काम बायका करीत होत्या. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस जणी उभ्या. आमच्यातली एक मुलगी, इयत्ता दहावीची, जवळ असलेल्या बाईला गुजरातीत विचारू लागली, "मासी, तुम्ही केव्हापासून उभ्या आहात?" बाईने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच देखरेख करणारा मनुष्य म्हणाला की, कामाच्या वेळी बोलायचे नाही. तो रागाने बोलला नाही. नियम होता, तो त्याने सांगितला. बाई हसली आणि पुन्हा मोजू लागली. मुलीने इकडेतिकडे पाहिले आणि मला हळूच विचारले, "काका, इथे एकसुद्धा स्टूल नाही?" मी पाहिले. खरोखरच नव्हते.

उभे राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठकीची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमात एक कलम होते. २०२० च्या श्रमसंहितेनेही ती कल्पना टाकून दिलेली नाही. हे मला पाठ आहे. तरी तिने विचारीपर्यंत मला ते दिसले नव्हते. त्या बायका कारखान्याच्या नव्हत, ठेकेदाराच्या आहेत, असे व्यवस्थापकांनी नंतर सांगितले; जणू त्याने त्यांचे पाय निराळे होतात.

निघताना प्रत्येक मुलाला फरसाणाचा एकेक पुडा भेट मिळाला. गाडीत पुडे फुटले. त्या मुलीने आपला फोडला नाही. "तू खात का नाहीस?" म्हणून एकाने विचारले, तेव्हा तिने सांगितले, आणि मग गाडीत जो वाद झाला तो आमच्या विश्वस्तांच्या सभेतील वादापेक्षा पुष्कळ वरच्या दर्जाचा होता. एक म्हणाला, आपण खाल्ले नाही तर त्या बायकांचे काम जाईल, मग त्यांना बरे वाटेल काय? दुसरी म्हणाली, सकाळी प्यायलेल्या दुधाच्या म्हशीला कोणी विचारले होते? तिसरा म्हणाला, घरी आई उभी राहूनच स्वयंपाक करते. यावर सगळेच थोडा वेळ गप्प झाले. सकाळचा प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "हात न लागलेले म्हणजे चांगले नव्हे. हात कुणाचा ते लपवलेले." मी त्याला दाद दिली नाही, कारण ते पूर्णपणे खरे आहे असे मला तेव्हा वाटले नाही. अजूनही वाटत नाही. लपवणे वेगळे आणि न दिसणे वेगळे. आपल्याला पाहावयाचे नसते, हा तिसराच प्रकार.

तिसऱ्याचे वाक्य माझ्या मनात राहिले. माझ्या आजोबांची एक बहीण बालविधवा होती. आमच्या घरचा सोवळ्यातला स्वयंपाक जन्मभर तिने केला. पहाटे स्नान, ओलेत्याने चूल, श्राद्धपक्षाला चाळीस पाने. तिच्या हातचे अन्न इतके शुद्ध मानले जाई की, गावातले कर्मठ भिक्षुकही ते निःशंक जेवत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना ती गेली. तिला कधी कोणी पंक्तीत बसवून वाढले होते काय, हे मी आठवू पाहतो, आणि आठवत नाही. त्या अन्नाचा निमित्तदोष शून्य होता, जातिदोष शून्य होता. तेव्हा कारखाना आला आणि पावित्र्य गेले असे जे लोक हळहळून म्हणतात, त्यांच्या पंक्तीला मला बसता येत नाही. हात लपविण्याची विद्या आम्ही यंत्राकडून शिकलो नाही.

कायद्याने या प्रश्नात काय केले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. १९२८ साली स्कॉटलंडातील पेझली गावी मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागविली. बाटली काळपट, आतले दिसेना. अर्धी प्यायल्यावर उरलेले ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय निघाली, असे तिचे म्हणणे. बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणून बाईचा कोणाशीच करार नव्हता. आणि करार नाही तर दावा कसला, असा जुना न्याय. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, जो माल खाणाऱ्याच्या हाती बंद स्थितीत जातो आणि मध्ये कोणाला तपासता येत नाही, तो करणाऱ्याने न पाहिलेल्या खाणाऱ्याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. लॉर्ड अॅटकिन यांनी तेथे 'शेजारी कोण' हा धर्मग्रंथातला प्रश्न कायद्यात आणला: माझ्या कृतीने ज्याला इजा होईल असे मला आधी समजायला हवे, तो माझा शेजारी. त्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे मात्र कधीच सिद्ध झाले नाही. पुढे तडजोड झाली. तरी आज आपल्या हातातल्या प्रत्येक बंद पुड्यामागे हे तत्त्व उभे आहे.

हा शेजारधर्म मोठाच आहे, पण एका दिशेचा आहे. करणाऱ्याने खाणाऱ्याची काळजी घ्यावी. खाणाऱ्याने करणाऱ्याची? ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आणि खाणाऱ्याला मोकळे केले. व्यवहारात याहून निराळे करता येणार नाही. शेवेचा पुडा घेणाऱ्या प्रत्येकाला प्रतिवादी केले तर न्यायालये पुरणार नाहीत. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने ही मोकळीक दिलेली नाही. ज्यांच्याकडून मिळाले त्यांना न देता जो भोगतो त्याला तेथे चोर म्हटले आहे, आणि जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो असे म्हटले आहे. देवाला नैवेद्य दाखविला म्हणजे ते देणे फिटले, असा आम्ही समज करून घेतला. देवाला दाखविलेले अन्न आपणच खातो, तेव्हा त्या व्यवहारात कोणाचे काही गेले नाही हे उघड आहे. आश्रयदोषाला आज जर काही अर्थ उरला असेल तर तो असा की, अन्न ज्याच्या हातून आले त्याच्यावर अन्याय झाला असेल तर तो अन्याय त्या अन्नाबरोबर पानात येतो. करणाऱ्याचा जन्म पाहावयाचा नाही. त्याच्याशी आम्ही कसे वागलो ते पाहावयाचे. असे म्हणणे सोपे आहे. प्रत्येक पुड्यामागे ते पाहणे शक्य नाही, हेही मला मान्य आहे. पण सगळे पाहता येत नाही म्हणून जे दारात आहे तेही पाहू नये, असे मात्र त्यातून निघत नाही.

आणि येथे मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या देवस्थानच्या आचाऱ्यांचा करारनामा बारा वर्षांपूर्वी मीच लिहिला. त्यात 'नोकर' हा शब्द मी जाणूनबुजून टाळला आणि 'सेवेकरी' असा घातला. 'पगार' न म्हणता 'मानधन' म्हटले. किमान वेतनाचा, भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न उद्भवू नये म्हणून. विश्वस्तांनी माझ्या शब्दकौशल्याची वाखाणणी केली होती. ठेकेदाराच्या बायका आमच्या नव्हत असे सांगणाऱ्या व्यवस्थापकांना मी मनात हसलो होतो. परतीच्या वाटेवर, वासदचा पूल येईपर्यंत, ते हसू माझ्याकडेच परत आले. त्यांनी ठेकेदार मध्ये घातला होता, मी देव घातला होता.

पुढच्या सभेत मी पेढ्यांच्या विषयावर काही बोललो नाही. आचाऱ्यांना नोकर म्हणून नोंदवावे, मागील वर्षांचा फरक द्यावा आणि हाताखाली एक माणूस पगारावर नेमावा, असा ठराव मांडला. एक वृद्ध विश्वस्त व्यथित होऊन म्हणाले, "वकीलसाहेब, देवाच्या सेवेचा तुम्ही पैशांत हिशेब करायला निघालात?" त्यांचा भाव खोटा नव्हता, आणि मला चटकन उत्तर सुचले नाही. सेवा ही करणाऱ्याने म्हणावयाची गोष्ट आहे, घेणाऱ्याने नव्हे, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचले. दुसऱ्या एकाने विचारले, फरकाची रक्कम कोठून आणणार? हा प्रश्न जास्त रास्त होता आणि त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आचाऱ्यांना मी स्वतः जाऊन विचारले. ते पोळ्या लाटीत होते, मान वर न करता म्हणाले, "पैशांचं तुम्ही मंडळी ठरवा, साहेब. मला आधी एक स्टूल मिळालं तर बघा. उंच पाहिजे, ओट्याच्या बरोबरीचं. आणि लाकडी नको, धुता आलं पाहिजे, सोवळ्यात चालायला हवं."

पोलादी स्टूल त्याच आठवड्यात आणले. पेढे अजून देवळातच होतात, अभिषेकाला दूध पिशवीतलेच येते. ठराव पुढील सभेवर गेला आहे.